भट्टीच थंड, तर खड्डे बुजणार कसे?

१४० हा आकडा आधी लक्षात ठेवा. सेल्सिअस अंशांत. आपल्या रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० जातीच्या डांबराचे आणि खडीचे मिश्रण रस्त्यावर पसरताना किमान इतके गरम असले पाहिजे, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तांत्रिक नियमावलीत लिहिले आहे. आणि रोलर फिरत असताना ते ९० अंशांच्या खाली जाता कामा नये, हेही तिथेच लिहिले आहे.

आता तुमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरचा खड्डा गेल्या पावसाळ्यात कसा बुजवला गेला ते आठवा. उघड्या टेम्पोतून काळा माल आला. दोघातिघांनी तो फावड्याने खड्ड्यात लोटला, फावड्याच्या पाठीने चार फटके मारले आणि टेम्पो पुढच्या खड्ड्याकडे निघाला. मालातून वाफ येत होती का? रोलर होता का? बहुतेक नसणारच. आठवड्याभरात खडी मोकळी झाली, स्कूटरवाले तिच्यावरून घसरू लागले आणि खड्डा होता तिथेच, होता त्यापेक्षा थोडा मोठा होऊन उभा राहिला.

खड्डा म्हटला की आपण कंत्राटदाराला शिव्या घालतो, नगरसेवकाला घालतो. घालायला हरकत नाही, बऱ्याचदा त्या योग्य पत्त्यावरच जातात. पण तो काळा माल शिजतो कुठे, किती जुन्या भट्टीत शिजतो, तिथून आपल्या गल्लीपर्यंत यायला त्याला किती वेळ लागतो, हे कुणी विचारत नाही. देशातल्या मोठ्या शहरांच्या महापालिकांकडे स्वतःच्या भट्ट्या होत्या, काहींकडे अजून आहेत. ‘हॉट मिक्स प्लांट’ असे त्यांचे नाव. मुंबईचा वरळीला, पुण्याचा येरवड्याला, नागपूरचा हिंगणा औद्योगिक वसाहतीत, कोलकात्याचा पामर बाजारात. कधी काळी गावाबाहेर असलेल्या या जागा वाढत्या शहराने पोटात घेतल्या, आणि यंत्रे मात्र म्हातारी होत गेली.

चिक्कीचा पाक

हा प्लांट नेमके करतो काय, हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. घरी चिक्की केली असेल तर पुरे. गुळाचा पाक योग्य तेवढा गरम हवा, शेंगदाणे भाजलेले आणि कोरडे हवेत, दोन्ही एकत्र झाले की हात चटचट चालला पाहिजे. पाक गार झाला की लाटणे फिरवून उपयोग नाही, चिक्की भुगाच होते. शेंगदाणे ओलसर असतील तर पाक त्यांना धरतच नाही.

प्लांटमध्ये तेच, फक्त टनांच्या हिशेबात. वेगवेगळ्या आकारांची खडी आणि कच पट्ट्यावरून एका फिरत्या भल्यामोठ्या लोखंडी पिंपात जाते. पिंपाच्या एका तोंडाशी बर्नरची ज्वाळा असते. तिथे खडीतला ओलावा उडतो आणि ती दीडशे अंशांच्या पुढे तापते. मग तिच्यावर तापलेले डांबर पडते आणि प्रत्येक दाण्याला काळा पातळ लेप बसतो. हा लेप नीट बसला तरच पाऊस आत शिरत नाही. पाणी आणि डांबर यांचे वैर जुने आहे. खडी ओली राहिली तर डांबर तिला वरवर चिकटते आणि पहिल्या मुसळधार पावसात सुटते. ज्याला आपण ‘रस्ता उखडला’ म्हणतो ते अनेकदा हेच असते.

जुन्या पद्धतीच्या प्लांटमध्ये खडी वाळवणे आणि डांबर मिसळणे एकाच पिंपात, सलग चालते. खडीचे प्रमाण ठरते ते पट्ट्याच्या वेगावरून. खडी भिजलेली असेल तर तिच्यातल्या पाण्याचे वजनही खडी म्हणूनच मोजले जाण्याची भीती. नव्या ‘बॅच मिक्स’ प्लांटमध्ये गरम खडी पुन्हा चाळली जाते, प्रत्येक आकाराचे आणि डांबराचे वजन वेगळे होते, मग घाणा बाहेर पडतो. तापमानाची नोंद संगणकावर राहते. म्हणजे माल कच्चा निघाला तर कोणत्या घाण्यात चुकले ते सापडते. जुन्या प्लांटमध्ये ते माणसाच्या नजरेवर आणि सचोटीवर सोडलेले. नजर अनुभवी असेलही, पण ती माणसे निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी भरती झाली नाही, की पुढे काय होणार ते सांगायला नको.

शिवाय असा प्लांट चार-पाच टन मालासाठी पेटवणे परवडत नाही. पिंप तापेपर्यंतच ढीगभर तेल जळते. खड्ड्यांना मात्र नेमका थोडा थोडाच माल लागतो, आज या वॉर्डात अर्धा टन, उद्या त्या वॉर्डात. खासगी प्लांट मोठ्या रस्त्यांच्या कामांसाठी उभे असतात, शहराबाहेर खाणींच्या जवळ. तिथून ट्रक निघतो, टोलनाक्यावर अडकतो, दिवसा अवजड वाहनांना बंदी म्हणून थांबतो. ताडपत्रीखालचा मोठा ढीग बराच वेळ ऊब धरून राहतो हे खरे, पण टेम्पोच्या तळाशी पसरलेला अर्धा टन बघता बघता गार पडतो. म्हणून शहराच्या आत, पालिकेच्या हुकमतीतली एक भट्टी असणे ही चैन नव्हती.

वरळीचा प्लांट आणि परदेशी पोती

मुंबईचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. पालिकेच्या रस्त्यांची लांबी सुमारे दोन हजार किलोमीटर. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. भर पावसात गरम माल टाकून उपयोग नसतो, म्हणून २०१७ मध्ये पालिकेने परदेशी ‘कोल्ड मिक्स’ आणून पाहिले, ऑस्ट्रिया आणि इस्रायलचे. पोते फोडायचे, खड्ड्यात ओतायचे, ठोकायचे. ओल्या खड्ड्यातही चालते, असा दावा. किंमत किलोमागे पावणेदोनशे रुपयांच्या घरात! त्यावर ओरड झाली. मग २०१८ मध्ये तसाच माल पालिकेने आपल्या वरळीच्या प्लांटमध्ये बनवायला घेतला. खर्च आला किलोला तीस रुपयांच्या आत. इथूनच सगळ्या वॉर्डांना पोती जाऊ लागली.

ज्या प्लांटला जुनापुराणा म्हणून नाके मुरडली जात होती, त्यानेच परदेशी मालाचा भाव उघडा पाडला. पालिकेच्या हातात स्वतःची भट्टी असली की बाजारभाव ताळ्यावर राहतो. हा फायदा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो मोजलाही जात नाही.

पण कोल्ड मिक्सने मुंबईकरांचे समाधान झाले का? नाही. सतत वाहणाऱ्या पाण्यात आणि बसगाड्यांच्या चाकांखाली ते अनेक ठिकाणी वाहून गेले, तक्रारी झाल्या, आणि पुढे पालिका झटपट घट्ट होणारे काँक्रीट, जिओपॉलिमर, मास्टिक अस्फाल्ट अशा निरनिराळ्या उपायांकडे वळली. कोल्ड मिक्स ही मलमपट्टी आहे. पावसाळा सरल्यावर तो खड्डा चौकोनी कापून, साफ करून, कडांना पातळ डांबर फासून गरम मालाने पुन्हा भरायचा असतो. पट्टी बांधली आणि टाके घालायला कुणी आलेच नाही, असे आपल्याकडे होते. कारण टाके घालायला परत भट्टी लागते.

शेजाऱ्यांचा खोकला

आता दुसरी बाजू, आणि ती तितकीच खरी. अशा प्लांटच्या शेजारी राहणाऱ्याला वाळत घातलेले कपडे काळे झालेले चालतील का? खिडकी उघडली की डांबराचा उग्र वास, गॅलरीत बारीक धूळ, घरात दम्याचे आजोबा. खडी तापताना प्रचंड धूळ उडते. ती अडवायला जुन्या प्लांटमध्ये जेमतेम पाण्याचे फवारे असतात, नव्यांमध्ये कापडी पिशव्यांचे गाळणे असते आणि अडवलेली धूळ मालातच परत वापरता येते. वरळीत गिरण्यांच्या जागी टॉवर आले, लाखोंच्या भाड्याचे फ्लॅट आले, आणि मग प्लांट खुपू लागला असे कुणी म्हणेल. पण धूर झोपडीत राहणाऱ्यालाही तेवढाच लागतो, त्याची तक्रार वर्तमानपत्रापर्यंत पोचत नाही इतकेच.

आणि भट्टीवर काम करणाऱ्यांचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रस्त्याच्या कामातल्या डांबराच्या वाफांना ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ गटात टाकले. पायाला गोणपाट गुंडाळून, तोंडाला गमछा बांधून, तापत्या डांबराची झारी हातात घेऊन चालणारी बाई तुम्ही आम्ही रोज पाहतो. तिच्या हातमोज्यांचा प्रश्न कोणत्या सभागृहात गाजल्याचे आठवते का?

न्यायालयांनी धुराची दखल पूर्वीच घेतली. ऑक्टोबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले चाळीसहून अधिक हॉट मिक्स प्लांट बंद करण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी फेब्रुवारी १९९७ अखेरची मुदत दिली. एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणविषयक याचिकांतून निघालेल्या आदेशांपैकी तो एक. कोलकात्यातही पालिकेचे जुने प्लांट आणि रस्त्याच्या कडेला लाकडे पेटवून मास्टिक शिजवण्याची रीत, दोन्हींवर प्रदूषणाचा ठपका आला आणि हवेचे प्रकरण हरित लवादापर्यंत गेले.

आदेश योग्यच होते. प्रश्न त्यानंतरचा आहे. जुनी भट्टी बंद करणे एका सहीचे काम. नवीसाठी जागा शोधणे, प्रदूषण मंडळाची परवानगी, टेंडर, फेरटेंडर, ऑपरेटरची पदे, हे सगळे फायलीत. मधल्या काळात पावसाळा काही थांबत नाही. मग रिकामी जागा भरून काढतात ती पिंपे. तुम्ही पाहिली असतील, आडव्या पिंपाखाली लाकडे, क्वचित जुने टायर, आणि त्यावर रटरटणारे डांबर. एका ठिकाणचा धूर बंद करायला गेलो आणि तो दहा नाक्यांवर पसरला, तोही कोणत्याही गाळण्याशिवाय. इथे थर्मामीटर नसतो. डांबर जास्त तापले की जळते, ठिसूळ होते, कमी तापले की चिकटत नाही, आणि मुकादम ते रंगावरून ओळखतो. छोट्या नगरपालिकांकडे तर पहिल्यापासून हीच रीत आहे.

दुसरा उपाय पेव्हर ब्लॉकचा. डांबरी रस्त्याच्या मधोमध खड्ड्यात चार ठोकळे बसवायचे. आजूबाजूचे डांबर खचते, ठोकळे वर राहतात, दुचाकीवाला त्यांना अडखळतो.

जंगली महाराज रस्त्याची साक्ष

डांबरी रस्ते आपल्या हवामानात टिकतच नाहीत, असे ठामपणे सांगणारे भेटतात. त्यांनी पुण्याचा जंगली महाराज रस्ता आठवावा. १९७० च्या दशकात पुणे महापालिकेने तो ‘रिकॉन्डो’ या मुंबईच्या कंपनीकडून हॉट मिक्स पद्धतीने करून घेतला, १९७६ मध्ये तो तयार झाला. दहा वर्षांची हमी लिहून दिलेली होती. हमी संपली तरी रस्ता शाबूत राहिला, आणि पुढची कित्येक वर्षे पुणेकर पाहुण्यांना शनिवारवाड्याइतक्याच अभिमानाने तो दाखवत राहिले! पाण्याचा निचरा नीट, खालचे थर नीट, माल गरम, आणि सतत खोदाई नाही. यात गुपित काहीच नव्हते.

मुंबईने आता काँक्रीटचा मार्ग धरला आहे. २०२३ आणि २०२४ पासून दोन टप्प्यांत सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांचे काम काढले गेले. सगळेच काँक्रीट होणार तर डांबराची भट्टी हवी कशाला, असा सवाल त्यामुळे येतो. काँक्रीट टिकाऊ आहेच; १९४० च्या सुमाराचा मरीन ड्राइव्हचा रस्ता कित्येक दशके टिकला. पण त्या रस्त्यांखालून पाण्याच्या, गॅसच्या, विजेच्या, टेलिफोनच्या वाहिन्या जातात. त्या फुटणार, चर खोदले जाणार, आणि ते तातडीने भरायला डांबरी माल सोयीचा पडतो. पूल आहेत, गल्ल्या आहेत, अजून न झालेले रस्ते आहेत. आणि मुंबई म्हणजे देश नव्हे. अमरावतीला, बेळगावला, इंदूरला किंवा बडोद्याला प्रत्येक गल्ली काँक्रीटची करण्याइतका पैसा कुठून येणार?

खड्ड्यांचा हिशेब शेवटी माणसांत होतो. २०१७ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे ३,५९७ माणसे मेली, हा सरकारी अहवालातला आकडा आहे. २०२२ मध्ये तो १,८५६ होता. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत मिळून १४,९२६. हा आकडा समोर आल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संख्या दहशतवाद्यांनी मारलेल्यांपेक्षाही बहुधा जास्त असावी, अशा आशयाचे उद्गार काढले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे न बुजलेल्या खड्ड्याला आता किंमत लागली आहे. आधुनिक भट्टी महाग पडते असे म्हणणाऱ्या लेखापालांनी हाही रकाना मांडायला हवा.

जागा सोन्याची, म्हणून?

वरळीच्या प्लांटची जागा सोन्याची आहे. २०२४ मध्ये मुंबई पालिकेने पैसा उभा करण्यासाठी आपले काही भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवले. त्यात क्रॉफर्ड मार्केटजवळची आणि मलबार हिलवरची बेस्टची जागा होती, तसाच वरळीच्या अस्फाल्ट प्लांटचा भूखंडही होता. दाट वस्तीत धूर ओकणारे यंत्र नको, हे मान्य. त्या जागेतून तिजोरीत कोट्यवधी रुपये येणार असतील तर तेही येवोत. पण त्यातला किती हिस्सा नव्या प्लांटसाठी, कुठल्या जागी, कधीपर्यंत, हे पालिकेने त्याच कागदावर लिहून द्यायला नको का? घर विकताना स्वयंपाकघर कुठे हलवणार ते आधी ठरवतात, मग सौदा करतात.

बेंगळुरूने उलट वाट धरून पाहिली. खड्ड्यांवरून कर्नाटक उच्च न्यायालयाचे फटके खाल्ल्यावर तेव्हाच्या बृहत् बेंगळुरू महानगर पालिकेने २०२०-२१ च्या सुमारास शहराबाहेर कण्णूरजवळ स्वतःचा बॅच मिक्स प्लांट सुरू केला. कंत्राटदाराची वाट न पाहता रोज थोडा थोडा माल मिळावा हा हेतू. तरी २०२५ च्या पावसाळ्यात बेंगळुरूचे खड्डे देशभर गाजलेच. भट्टी आली म्हणून निचरा सुधारत नाही, खोदाईची शिस्त लागत नाही, आणि एवढ्या अवाढव्य शहराला एक प्लांट किती पुरणार! पण निदान तिथे माल नाही ही सबब सांगता येत नाही.

नव्या प्लांटमध्ये आणखी एक सोय असते, जिच्याकडे आपण फारसे पाहिलेले नाही. रस्ता नव्याने करण्यापूर्वी जुना थर यंत्राने खरवडून काढतात. त्यात खडीही असते आणि डांबरही. योग्य यंत्रसामग्री असेल तर तो खरवडलेला माल काही प्रमाणात पुन्हा वापरता येतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा कुठेतरी भरावात जातो. ‘वॉर्म मिक्स’ तंत्राने तर वीस-तीस अंश कमी तापमानात माल बनतो, म्हणजे तेल कमी, वाफा कमी, झारीवाल्या बाईच्या छातीत जाणारा धूरही कमी.

आणि ज्या नगरपालिकेला यातले काहीच परवडत नाही, तिच्यासाठी एक साधी पेटी आहे. ट्रकवर बसवायची, उष्णता न सोडणाऱ्या दुहेरी भिंतींची, खाली लहानसा बर्नर असलेली. ‘हॉट बॉक्स’ म्हणतात तिला. सकाळी जवळच्या खासगी प्लांटवरून दोन-तीन टन माल भरायचा, दिवसभर गल्लोगल्ली फिरायचे, शेवटच्या खड्ड्यापर्यंत माल गरम राहतो. सोबत हाताने चालवायचा छोटा रोलर आणि एक थर्मामीटर. पुढच्या खेपेला तुमच्या गल्लीत काळा माल घेऊन टेम्पो आला, तर फावडेवाल्याशी नको, सोबतच्या कनिष्ठ अभियंत्याशी बोला. थर्मामीटर आणलाय का, आणि माल किती अंशांवर आहे, एवढेच विचारा.